बाक क्रमांक तीन, विषम तुकडी

आत्मचरित्र लिहायला वीस हे वय कमी पडतं, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. मला ते मान्य नाही. साथीत शाळा बंद होती त्या दीड वर्षाचे मी चाळीस धरते, कारण ते घरात बसून मोजलेले आहेत, आणि घरात बसून मोजलेलं वर्ष बाहेरच्या वर्षापेक्षा किती लांब असतं ते ज्यानं मोजलं त्यालाच ठाऊक. त्या हिशोबानं मी आज साठीला टेकले आहे. गुडघे अजून दुखत नाहीत, पण लोकांच्या चुका काढायची आणि स्वतःच्या सांगत बसायची जी हौस म्हातारपणी लागते, ती मला लागली आहे. म्हणून नववीतल्या त्या महिन्याचं लिहून टाकते. यात मी जिथं जिथं वाढवून सांगितलं आहे तिथं तुम्हाला कळेलच. जिथं कळणार नाही ते खरं समजा.

आमचं गाव बोरी अरबच्या बाजारापासून चालत तासाभरावर, आणि मी सांगत असले तर अर्ध्या दिवसावर. घरात चार माणसं आणि एक मोबाइल. मोबाइल बाबांच्या खिशात, बाबा वावरात, आणि वावरात रेंज नाही, त्यामुळं माझी ऑनलाइन शाळा दीड वर्ष पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींमध्ये उभ्या उभ्या भरली असावी; मी तिथं नव्हते एवढंच. घरातला मुख्य आवाज म्हणजे आजोबांचा, आमच्या आबांचा, दमा. ओसरीवरच्या बाजेवर ते पडलेले असत आणि त्यांच्या छातीत शिट्टी वाजे. शेजारच्या काकू म्हणत की राऊतांच्या घरी कुकर बंदच होत नाही. आई पहाटे उठून भाकरी थापून, अंबाडीची भाजी झाकून निंदायला जाई आणि जाताना सगळ्यांना काढा पाजी. तो काढा इतका कडू होता की एकदा मी माझा वाटा तुळशीत ओतला तर आठ दिवस तुळशीनं मान टाकली. साथीच्या सुरवातीला आबांच्या छातीची शिट्टी जरा वेगळ्या सुरात वाजली की आम्ही तिघंही हातातला घास थांबवून ऐकत असू. शिट्टी नेहमीच्या सुरावर आली की मग घास तोंडात.

अशात शाळा उघडायचं ठरलं. ठरलं म्हणजे नुसतं ठरलं नाही. गावात महिनाभर पेशंट नको, गावाच्या समितीची सही पाहिजे, प्रत्येक घराचं संमतीपत्र पाहिजे, मास्तरांची तपासणी पाहिजे. समितीत माझे बाबा होते आणि सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता. पण घरी संमतीपत्रावर सही करायची वेळ आली तेव्हा तो आवाज गेला. आबांकडं बघत ते कागद हातात धरून बसले. आई म्हणाली, पोरगी रोज दहा घरच्या पोरांत जाईल आणि रोज आबांजवळ येईल, मग काय. शेवटी आबांनीच कागद ओढून घेतला आणि माझ्या नावापुढं आपली वेडीवाकडी सही ठोकली. "ही घरी राह्यली तं मी हिच्या बडबडीनंच मरतो," ते म्हणाले, "जाऊ दे तिले शायेत." एक अट सगळ्यांना पाठ होती. एका जरी पोराला तो रोग निघाला तर शाळा चौदा दिवस बंद, आणि पुन्हा उघडायची की नाही ते समिती ठरवणार.

शाळेच्या फाटकावर गुलाबभाऊ शिपाई कपाळाला लावायचं ताप मोजायचं यंत्र घेऊन उभे असायचे. ते यंत्र त्यांना मिळालं त्या दिवसापासून त्यांची उंची वाढली. पोरं, मास्तर, दुधवाला, फाटकातून डोकावणारी बकरी, सगळ्यांचा ताप ते घेत आणि वहीत मांडत. बकरीचा मांडला की नाही ते मी शपथेवर सांगू शकत नाही. आत गेलं की एका बाकावर एकच पोर, आणि पोरं अर्धीच. हजेरीतले विषम क्रमांक मंगळवार, गुरुवार, शनिवार; सम क्रमांक सोमवार, बुधवार, शुक्रवार. माझा क्रमांक सतरा, वैष्णवी राऊत. अठरा, पायल राठोड.

पायल तांड्यावरची. बंजाऱ्यांचा तांडा गावापासून ओढ्याच्या पलीकडं. पाचवीपासून मी आणि ती तिसऱ्या बाकावर एकमेकींच्या शेजारी बसत होतो, म्हणजे हजेरीनंच आमची मैत्री लावून दिली होती. ती घरी आपल्या याडीशी, म्हणजे आईशी, गोरबोलीत बोलायची आणि माझ्याशी वऱ्हाडीत भांडायची. मला गोरबोलीतले सात शब्द येत होते आणि त्यातले सहा शिव्या होत्या. आता त्याच हजेरीनं आम्हाला वेगळं केलं. तोच बाक, तीच जागा, पण एक दिवस तिची आणि एक दिवस माझी. दीड वर्षानं शाळा उघडली आणि पायल मला दिसेचना. दिसायची ती फक्त ढोकणे सरांच्या तोंडून.

ढोकणे सर आम्हाला गणित शिकवायचे. पहिल्याच मंगळवारी त्यांनी फळ्यावर एक उदाहरण घातलं, आम्ही बराच वेळ खडूकडं बघत बसलो, आणि सर म्हणाले, "कालच्या तुकडीत राठोडनं हे दोन मिनिटांत सोडवलं." गुरुवारी म्हणाले, काल राठोडनं प्रश्नही असा विचारला की मलाच विचार करावा लागला. शनिवारी म्हणाले, राठोडचं अक्षर सुधारलं आहे. म्हणजे माझ्या तीनही दिवशी माझ्या बाकावर माझ्या आधी पायल बसलेली असे. मी बाकाचा कप्पा चाचपून बघे. गुलाबभाऊ रोज संध्याकाळी जंतुनाशकानं सगळं पुसून घेत, त्यामुळं पेन्सिलीचा छिलका नाही, रबराचा चुरा नाही, काही नाही. नुसती तिची हुशारी तेवढी पुसली जात नव्हती.

हेव्याचं असं असतं की तो आपलं खाद्य स्वतःच शोधतो. मी कॅलेंडर घेऊन बसले. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे तिन्ही दिवस पुरे. माझा शनिवार अर्धा. म्हणजे दर आठवड्याला अर्धा दिवस पायलच्या पदरात जास्त. शिवाय सोमवारी सर ताजे असतात, सुटीनंतर दाढी केलेली असते. शनिवारपर्यंत त्यांचा आवाज बसतो आणि खडू संपलेला असतो. हे मी आबांना इतक्या वेळा समजावून सांगितलं की त्यांच्या छातीतली शिट्टी मला हो म्हणते आहे असं वाटू लागलं. मी सरांना जाऊन सांगितलं की माझी तुकडी बदला. सर म्हणाले, क्रमांक म्हणजे क्रमांक, तुझ्यासाठी सतराला सम करता येणार नाही. मी रोज संध्याकाळी शेजाऱ्यांच्या, सम तुकडीतल्या, पोराच्या वह्या मागून पुढचे धडे करू लागले. आई म्हणायची, पोरगी सुधारली. पोरगी सुधारली नव्हती. पोरगी पेटली होती.

एका बुधवारी, म्हणजे तिच्या दिवशी, पायलनं त्रिकोणाचं एक प्रमेय फळ्यावर स्वतः सिद्ध केलं, ही बातमी शेजारच्या पोराकडून मला दुपारीच कळली. गुरुवारी सर आमच्या तुकडीतल्या एकाला फळ्यावर बोलावणार होते. मी ते प्रमेय वीस वेळा लिहून काढलं. मी वीस म्हणते आहे म्हणजे चार-पाच वेळा तरी लिहिलंच असेल. आणि गुरुवारी सकाळी उठले तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं.

मी कुणाला सांगितलं नाही. आई निंदायला गेली होती, बाबा फवारणीला, आबा बाजेवर डोळे मिटून पडलेले. मी ओसरीच्या कडेच्या मोरीवर गेले, रांजणाचं गार पाणी तांब्यातांब्यानं कपाळावर ओतलं, मग एक फडकं भिजवून ओढणीखाली कपाळाला घट्ट बांधलं आणि शाळेची वाट धरली. फाटकाच्या आधी फडकं काढून दप्तरात टाकलं. गुलाबभाऊंनी यंत्र कपाळासमोर धरलं, आकडा बघितला, यंत्र हलवलं, पुन्हा धरलं.

"ब्याण्णव," ते म्हणाले. "पोरी, तू जित्ती हायस ना?"

मी म्हटलं, भाऊ, थंडी वाजून राह्यली, सकायी गार पाण्यानं आंघोय केली. त्यांनी वहीत अठ्ठ्याण्णव लिहिलं, कारण ब्याण्णव लिहिलं असतं तर त्यांनाच जाब द्यावा लागला असता. आणि मी आत गेले. फळ्यावर मी ते प्रमेय सिद्ध केलं. ताप इतका चढला होता की त्रिकोणाला चार बाजू झाल्यासारख्या दिसत होत्या. सर मास्कमधून हसले आणि म्हणाले, शाब्बास. तो शब्द मी घरापर्यंत तोंडात धरून आणला. शुक्रवारी घरी पडून होते, आईला सांगितलं की पोटात दुखतं. शनिवारी नाही गेले तर विचारतील म्हणून पुन्हा तोच तांब्या, तेच फडकं, आणि पुन्हा आत. दुसऱ्या तासाला डोकं बाकावर टेकलं ते उचललंच नाही. गुलाबभाऊ यंत्र घेऊन पळत आले. एकशे दोन.

आरोग्य केंद्राच्या आशाताई घरी आल्या तेव्हा दाराच्या बाहेरूनच विचारत होत्या. ताप कधी आला? आई माझ्याकडं बघत होती, बाबा बघत होते. मी म्हटलं, आजच, सकायी. हे दोन शब्द बोलायला मला काहीच लागलं नाही. तपासणीत मला तो रोग निघाला. घरच्या तिघांना निघाला नाही. आबांना शेतातल्या झोपडीत हलवलं, तिथून ते शिव्या देत होते हे आम्हाला गावातून ऐकू येत होतं, आणि तेच आमचं सुख होतं, कारण शिव्या देता येत आहेत म्हणजे श्वास चालू आहे.

शाळा बंद झाली. आणि मग बाबांनी हिशोब मांडला. पोरीला ताप शनिवारी आला. त्याआधी त्या बाकावर शुक्रवारी कोण बसलं होतं? राठोडची पोरगी. राठोडच्या घरी आठ दिवसांपूर्वी कोण आलं? तिचा मामा, उमरखेडहून, एसटीनं, ठेचून भरलेल्या एसटीनं. झालं. दोन दिवसांत पुऱ्या गावाला हा हिशोब पाठ झाला. पायलची तपासणी झाली, तिच्या मामाची झाली, दोघांनाही काही निघालं नाही. तर चौकात लोक म्हणाले, रिपोर्टाचं काय, तो कापसाच्या ग्रेडसारखा असते, ज्याच्या हातात त्याच्या मनासारखा. कुणीतरी तांड्याच्या वाटेवर बाभळीचे काटे आणून टाकले, ओढ्याजवळ, जिथून आम्ही पाचवीपासून येत जात होतो तिथं. चौदा दिवसांनी समितीनं शाळा उघडायला सही दिली, पण अट घातली की तांड्यावरची आठ पोरं महिनाभर येणार नाहीत. ढोकणे सर समितीशी भांडले. त्यांना सांगण्यात आलं की सही मागे घेतली तर शाळाच बंद राहील, मग शिकवा भिंतींना.

मी बरी होऊन पहिल्या मंगळवारी शाळेत गेले. खोटं बोलायचं तर हा परिच्छेद सोपा होता, पण मी सांगते की मला आनंद झाला होता. सर फळ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, मागच्या वेळी आपण इथवर आलो होतो. कालच्या तुकडीचं नाव नाही, राठोडचं नाव नाही. बाक क्रमांक तीन आता सगळा माझा होता, माझ्या दिवशीही आणि तिच्या रिकाम्या दिवशीही. मी एकटीच पहिली होते. तो आनंद बुधवारपर्यंत टिकला. गुरुवारी सरांनी एक उदाहरण घातलं, मी ते सगळ्यांच्या आधी सोडवलं आणि वर बघितलं. सरांनी हं म्हटलं आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी तेव्हा पहिल्यांदा ओळखलं की राठोडशिवाय माझ्या पहिल्या येण्याला कुणी विचारत नाही, मीसुद्धा नाही. आणि तरी मी बोलले नाही. हे मी आज लिहिते आहे तेव्हाही मान खाली जाते, आणि माझी मान सहसा जात नाही.

आबा शेतातून परत आले होते. रविवारी दुपारी मी त्यांना पाणी दिलं, त्यांनी तांब्या घेतला, प्यायले, आणि तांब्या माझ्या हातात परत देताना सोडला नाही.

"त्या गुरवारी याच तांब्यानं डोक्सं भिजवत होतीस तू," ते म्हणाले. "मले दमा हाय. डोये शाबूत हायत."

इतक्या दिवसांत आबांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. ते म्हणाले, मी वाट पाहून राह्यलो, तू कवा सांगते म्हनून. मग त्यांनी बाजेखालची काठी काढली आणि म्हणाले, चाल. त्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात समितीची बैठक होती आणि तांड्याचे नायक, म्हणजे तिथले प्रमुख, आणि पायलचे वडील बोलणी करायला आले होते. घरापासून शाळा तीनशे पावलं. आबांना तीन ठिकाणी थांबावं लागलं. तिन्ही वेळा मला वाटलं की आता ते परत फिरतील. ते फिरले नाहीत.

वऱ्हांड्यात खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. तांड्यावरची दोघं पायरीखाली उभी होती, त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती. बाबा बोलत होते, नेहमीसारखे मोठ्यानं. सगळ्या गावाच्या जिवाचा प्रश्न आहे, आमच्याच घरात आग लागली होती, आमच्याच पोरीनं भोगलं, असं काहीसं. आबांनी काठीनं मला पुढं ढकललं आणि स्वतः खांबाला टेकून उभे राहिले. श्वास पुरत नव्हता म्हणून ते काही बोलू शकले नसते, आणि त्यांना बोलायचंही नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "मले गुरवारीच ताप होता. मी पाणी लावून गेली होती शायेत. शुक्रवारी पायल बसली त्याच्या आधी मी बसली होती त्या बाकावर. तिले माह्यापासून लागला असता. मले तिच्यापासून नाही लागला."

बाबांचं तोंड वाक्याच्या मध्येच उघडं राहिलं. ते मास्कच्या आत होतं तरी मला दिसलं. गुलाबभाऊ भिंतीला टेकले होते, त्यांनी वही पाठीमागं धरली. कुणीतरी म्हणालं, पोरगी आजारातून उठली, तिच्या डोक्यात... आबांनी खांबाजवळून हात वर केला, आणि ते वाक्य तिथंच थांबलं. पायलचे वडील माझ्याकडं बघत होते. त्यांनी मला लहानपणी त्यांच्या बैलगाडीत बसवून तांड्यावर नेलं होतं, पोळ्याला. नायक बाबांकडं वळले आणि इतकंच म्हणाले, अगदी साध्या आवाजात, जसं कुणाला पाऊस पडेल का असं विचारावं तसं.

"आता काटे कोन उचलते?"

बाबा उठले. त्यांनी चपला पायरीवरच ठेवल्या, का ते मला अजून कळलेलं नाही, आणि ओढ्याकडं निघाले. गावातला एकही माणूस त्यांच्यामागं गेला नाही, आणि तांड्यावरच्या दोघांनीही हात लावला नाही. ते वाटेच्या कडेला उभे राहून बघत होते. बाबांनी एकेक फांदी ओढून बाजूला केली. संध्याकाळी आई सुईनं त्यांच्या तळव्यातले काटे काढत होती तेव्हा मी समोर बसले होते. त्यांनी मला मारलं नाही, रागावले नाहीत, माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज त्यांचा होता, आणि त्या तीन दिवसांत घरात नुसती आबांची शिट्टी ऐकू येत होती.

ढोकणे सर दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटले. मला वाटलं मार बसणार. सर सायकलवरून उतरले आणि म्हणाले की तुला एक सांगायचं राहिलं. मंगळवारी मी तुम्हाला राठोडचं नाव सांगायचो. बुधवारी त्यांना राऊतचं. राऊतनं काल दोन मिनिटांत सोडवलं, राऊतचं अक्षर सुधारलं. अर्ध्या पोरांत अर्ध्या दिवसांत दीड वर्षाचा अभ्यास भरून काढायचा होता, म्हणून ही युक्ती काढली. मग त्यांनी सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली. "माह्यंबी चुकलं," ते म्हणाले आणि गेले. म्हणजे तिच्या दिवशी पायलही तोच कप्पा चाचपत बसत होती आणि तिला माझा एकही छिलका मिळत नव्हता. म्हणजे माझ्या हेव्याला जोडीदार होता. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली, याच क्रमानं.

समितीनं अट काढली आणि त्यानंतरच्या सोमवारी तांड्यावरची आठही पोरं, पहिल्या दिवसापुरती सम-विषम न बघता, शाळेत येणार होती. तो माझा दिवस नव्हता. मी सकाळी तयार झाले, दप्तर घेतलं, मास्क लावला आणि फाटकावर जाऊन उभी राहिले. काय म्हणायचं ते मी वाटेत ठरवलं होतं, खूप लांब होतं, त्यात दोन ठिकाणी मी रडणार होते. पायल आली, सगळ्यात पुढं, मागून तांड्याची बाकीची सात. दीड-दोन वर्षांत ती माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली होती. गुलाबभाऊंनी तिच्या कपाळाला यंत्र लावलं, आकडा बघितला, पुन्हा लावलं, आणि तिसऱ्यांदा लावलं. तिनं तिन्ही वेळा मान स्थिर ठेवली. मग ती माझ्याकडं वळली. सहा फुटांवर थांबली, कारण तोच नियम होता.

मी तोंड उघडलं.

"आज माहा दिवस हाय," पायल म्हणाली. "तू घरी जाय."

आणि ती आत गेली. वर्गात शिरताना तिनं मागं वळून बघितलं नाही; तिसऱ्या बाकावर बसलेली तिची पाठ मला खिडकीतून दिसत होती. मी घरी आले. वाटभर मला तिचाच हेवा वाटत होता, या वेळी तिच्या गणिताचा नाही, उंचीचाही नाही. रागावायचा पूर्ण हक्क तिच्याजवळ होता, तिनं तो सात शब्दांत वापरला होता, आणि माझ्याजवळ तो कणभरही नव्हता.

मंगळवारी मी माझ्या दिवशी गेले.